पायांची फिर्याद

मनुष्यदेहाचा कारभार जुन्या निजामी दफ्तराच्या धर्तीवर लावायचा ठरला, तर मस्तकाला वजिरी, जिव्हेला वकिलाची सनद, हातांना पेशकाराचा हुद्दा आणि पोटाला, ते अहोरात्र वसुलीत मग्न असते म्हणून, अव्वल तालुकदारी मिळेल यात शंका नाही. परंतु या साऱ्या अंमलदारांचा लवाजमा जन्मभर ठिकठिकाणी वाहून नेणारे जे दोन हरकारे, त्यांचे नाव हजेरीपटातही सापडावयाचे नाही. पायांविषयी आपल्याला अनादर आहे म्हणावे, तर तसेही नव्हे. देवाचे, गुरूचे, संतांचे, किंबहुना स्वतःचे सोडून कोणाचेही पाय आपण चरणकमल मानतो, त्यांवर पाणी घालतो आणि ते पाणी तीर्थ म्हणून प्राशनही करतो. स्वतःच्या पायांचा सत्कार मात्र दारातल्या पायपुसण्यावर ते दोनदा आपटले की संपला.

हैदराबादच्या मराठी माणसाने तरी असा पक्षपात करू नये. काचीगुडा, गौलीगुडा आणि सुलतान बाजार येथील आमच्या वडीलधाऱ्यांनी १९०७ साली निघालेल्या विवेकवर्धिनी शाळेत मुलांना धाडले ते पायी, आणि इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात पुस्तक बदलायला स्वतः गेले तेही पायीच. शिवाय पायांच्या वाट्याला आलेल्या ऐश्वर्याची सर्वांत मोठी कथा याच शहरातली आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या ज्या खरेदीचा तंटा कलकत्त्याच्या हायकोर्टापर्यंत गेला, तो १८४.७५ कॅरटचा जेकब हिरा त्यांच्या पश्चात चौमहल्ला राजवाड्यात एका जोड्याच्या चवड्यात सापडला, असे सांगतात. सातव्या निजामांनी म्हणे तो कागद उडू नयेत म्हणून मेजावर ठेवला. पुढे १९९५ साली भारत सरकारने निजामाचे जवाहीर २१८ कोटी रुपयांना घेतले, त्यात तोही सरकारजमा झाला. या हिऱ्याची बढती झाली असे लोक समजतात. मला विचाराल, तर त्याची पहिली नेमणूकच अधिक मानाची होती.

माझ्या जोड्यांत असे काही निघण्याचा संभव नसल्यामुळे मी त्यांच्या आतील मजकुराकडे कित्येक वर्षे पाहिले नव्हते. अखेरीस टाचांच्या भेगांत चादरीचे धागे अडकून ओढले जाऊ लागले, तेव्हा पायांच्या वतीने फिर्याद रुजू केली ती आमच्या कुटुंबाने, आणि तीही चादरीच्या बाजूने. सुश्रुताने क्षुद्ररोगांच्या प्रकरणात पायांची दखल घेतली आहे: फार चालणाऱ्याच्या रुक्ष तळव्याला फुटते ती पाददारी, घाणेरड्या चिखलामुळे बोटांच्या बेचक्यांत होतो तो अलस, आणि खडा किंवा काटा रुतून उठतो तो कदर, आमच्या माजघरात यांनाच भेगा, चिखल्या आणि कुरूप म्हणतात. तळव्याच्या कातडीत तैलग्रंथी मुळी नसतातच, म्हणजे देहाच्या खजिन्यातून स्निग्धतेचा तनखा तिला कधीच मंजूर झालेला नाही. आणि अशा बिनपगारी इसमावर तालुकदारसाहेबांचे वाढते वजन पडले, की टाच बाजूंनी पसरते व वरचे कोरडे कातडे तडकते.

आमच्या नांदेडच्या आत्याबाईंपाशी यावर इलाज ठरलेला होता. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात पाय बुडवावेत, वज्रीने टाचा घासाव्यात, पाय टिपून कोरडे करावेत, आणि रात्री राळेचे मलम भेगांत भरून निजावे. मलमही घरचेच: राळेची पूड तेलात कढवून ती पाण्यात इतकी फेसायची, की ती लोण्यासारखी पांढरी व्हावी आणि फेसणाऱ्याचे हात गळून यावेत. वज्री हे एके काळी मोठे शोभिवंत प्रकरण होते. पुण्याच्या केळकर संग्रहालयात पितळेच्या नक्षीदार वज्र्या पाहिल्यावर, पूर्वजांनी त्या पायांसाठी घडवल्या की दिवाणखान्यासाठी, असा प्रश्न पडतो. आत्याबाईंची मात्र खापराची होती आणि तिचा सौंदर्याशी काही संबंध नव्हता. “अरे, टाच घासायची असते, कुरवाळायची नसते,” असे म्हणून त्या जे घाशीत, त्याने भेगांबरोबर पूर्वकर्मेही निघून जात असावीत.

सूनबाईंचा विश्वास आत्याबाईंपेक्षा बंजारा हिल्सवर अधिक. तिथल्या एका स्पामध्ये त्यांनी माझ्या नावे पेडिक्युअरची वेळ घेतली, आणि मी सिंहासनवजा खुर्चीवर, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, बसता झालो. समोर गुलाबपाकळ्या तरंगणारे घंगाळ, आणि त्यापाशी नातीच्या वयाची एक मुलगी बसलेली. माझे पाय याआधी दुसऱ्या कोणी समारंभाने धुतले होते ते विवाहमंडपात, सासऱ्यांनी, आणि त्या पाण्याची भरपाई मी अद्याप करीत असल्याने हा विधी मला निर्धास्तपणे भोगता येईना. “अंकल, पाँव ढीले छोडो ना, कायकू अकड रहे?” असे ती म्हणाली, तेव्हा कुठे कळले की मी सावधान अवस्थेत बसलो होतो. तिने पाणी पायांवर घालण्यापूर्वी कोपराने अजमावले, ही गोष्ट मला फार आवडली. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची जाणीव मंदावली आहे, त्यांना पाणी कढत आहे हे पाय पोळल्यानंतरही समजत नाही. अशांनी ब्लेडलाही टाचेजवळ फिरकू देऊ नये. मग नखे सरळ रेषेत कापणे, घासणे, लेप, मर्दन. सारे वज्री आणि मलमच, फक्त मध्ये संगीत आणि शेवटी बिल.

बिल चुकते करून निघताना कोपऱ्यातला काचेचा हौद तिने दाखवला. त्यात तुर्कस्तानाकडचे गारा रुफा जातीचे इवलेसे मासे होते. दुसरे खाणे मिळाले नाही की ते माणसाच्या पायाचे मृत कातडे खरवडून खातात. एकाच पाण्यात अनेकांचे पाय बुडतात आणि मासे काही उकळून निर्जंतुक करता येत नाहीत, म्हणून अमेरिकेतील बऱ्याच राज्यांनी या प्रकाराला मनाई केली आहे. पण माझी अडचण निराळी होती. याच शहरात दरवर्षी मृग लागताच नामपल्लीच्या एक्झिबिशन मैदानावर दम्याचे हजारो रुग्ण रांग लावतात आणि बत्तिनी घराण्याचे लोक औषध तोंडात भरलेला जिवंत मुरल मासा त्यांच्या घशात सोडतात. तिथे हैदराबादकर मासा गिळतो, इथे मासा हैदराबादकराला कुरतडतो. दोन्ही पक्षांचा हिशेब आपसांत मिटत असेल, तर मध्ये पडणारा मी कोण? परंतु नामपल्लीला शाकाहारी रुग्णांसाठी तेच औषध गुळातून देण्याची व्यवस्था असते. हौदातल्या एखाद्या शाकाहारी माशाची अशी काही सोय केलेली मला दिसली नाही.