स्वस्त शहराचं भाडं

फ्रान्सला राहायला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांत पॅरिस असतं आणि खिशात सेंत-एतिएन. लिऑंपासून सुमारे 60 किलोमीटरवरचं, पावणेदोन लाखांच्या आत वस्ती असलेलं हे गाव फ्रान्सच्या मोठ्या शहरांमध्ये स्वस्ताईत वर्षानुवर्षं अगदी वरच्या जागी आहे. पॅरिसमध्ये एक चौरस मीटर घराला 9,000 युरोंहून जास्त मोजावे लागतात. तेवढ्यात माणूस उभा राहू शकतो, पण चप्पल बाहेर काढून. त्याच पैशात सेंत-एतिएनला निदान आडवं पडण्यापुरती जागा येते. यावरून स्वस्त शहरात राहायला कमी खर्च येतो, असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. खर्च तेवढाच येतो. फक्त तो युरोत न घेता कागदांत, थंडीत आणि फ्रेंच भाषेत वसूल केला जातो. माझं म्हणणं एवढंच, की हा सौदा तरीही फायद्याचा आहे.

मुळात हे शहर स्वस्त कशामुळे झालं? उदारपणामुळे तर नक्कीच नाही. कोळसा, बंदुका, रेशमी फिती आणि सायकली यांवर ते एके काळी गबर होतं. युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरची पहिली रेल्वे 1827 साली इथूनच निघाली. ती कोळशासाठी होती आणि तिला घोडे ओढत होते. 1885 साली सुरू झालेल्या मान्युफ्रान्स कंपनीने शिकारीच्या बंदुकीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळं काही जाडजूड कॅटलॉगमधून टपालाने घरोघर पोहोचवलं. पुढे कुरिओची खाण 1973 मध्ये बंद झाली, मान्युफ्रान्स 1985 मध्ये बुडाली आणि दोन लाखांच्या पुढे गेलेली वस्ती ओसरत गेली. मुंबईकराला हे गणित उलटं वाटेल. गिरणगावात गिरण्या बंद पडल्या आणि जागेचे भाव आभाळाला भिडले. इथे खाणी बंद पडल्या आणि भाव जमिनीवर आले. मुंबईत कामगार उठायच्या आधीच त्याच्या जागेवर डोळा ठेवून दहाजण रांगेत होते. सेंत-एतिएनला माणसं गेली, पण घरं सोबत नेता आली नाहीत. तीच आज भाड्याने मिळतात.

मिळतात, पण आधी कागद दाखवावे लागतात. फ्रान्समध्ये 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या थंडीच्या काळात भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही. कायदा दयाळू आहे, आणि त्या दयेचा धसका घेतलेला घरमालक भाडेकरूला दाराच्या आत घेण्याआधीच त्याची पुरेपूर परीक्षा घेतो. भाड्याच्या तिप्पट पगार आहे का, हमी कोण देणार, तो हमी देणारा फ्रान्समध्ये राहतो का, त्याचा पगार किती? बँकेत खातं काढायला गेलं की पत्त्याचा पुरावा हवा, आणि पत्ता मिळवायला घरमालकाकडे गेलं की बँकेच्या खात्याचा तपशील हवा. कोंबडी आधी की अंडं, या प्रश्नावर तत्त्वज्ञ वाद घालत बसले. फ्रेंच कचेरीने दोन्हींची छायाप्रत मागितली. एवढं मात्र कबूल करायला हवं, की घरमालकाने कोणते कागद मागावेत याची यादी 2015 पासून सरकारनेच ठरवून दिली आहे, आणि तिशीपर्यंतच्या तरुणांना ‘व्हिझाल’ नावाची फुकट हमीही मिळते. म्हणजे सुटका आहे. अर्ज केला की झालं.

थंडीची वसुली सावकाश होते. शहर सुमारे 500 मीटर उंचीवर आहे, पाठीशी पिला डोंगर आहे आणि जुन्या इमारतींच्या भिंतींतून वारा हक्काने ये-जा करतो. भाडं पाहून हरखलेला भाडेकरू जानेवारीत विजेचं बिल पाहून गार होतो, आणि खोली तर आधीपासूनच गार असते. ऊर्जा-वापरात सर्वांत खालच्या ‘जी’ श्रेणीत बसणारी घरं 1 जानेवारी 2025 पासून नव्याने भाड्याने देता येत नाहीत. त्याच्या एकच पायरी वरची ‘एफ’ श्रेणी मात्र अजून थरथरत उभी आहे.

सगळ्यात मोठी वसुली भाषेची. पॅरिसला मोडकंतोडकं फ्रेंच बोललं, की समोरचा दया येऊन इंग्रजीत उत्तर देतो आणि शिकणाऱ्याची प्रगती तिथेच संपते. सेंत-एतिएनला पर्यटक फिरकतच नाहीत, तेव्हा इंग्रजी शिकायची गरज कोणाला? पाववाली, ट्रामचालक, नळदुरुस्ती करणारा, सगळे फ्रेंचच बोलतात, आणि समजलं नाही तर तेच पुन्हा मोठ्याने बोलतात. इथे फुकट शिकवणी मिळते, हजेरी मात्र सक्तीची. व्याकरण कच्चं असलं तरी फुटबॉल पक्का असावा. 1976 साली ग्लासगोत युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात इथला संघ बायर्न म्युनिककडून 1-0 असा हरला. त्याचे दोन फटके आडव्या खांबाला लागून परतले. खांब चौकोनी होते, गोल असते तर चेंडू आत गेला असता, यावर गावाचं आजही एकमत आहे. 2013 साली क्लबने ते खांबच विकत आणून आपल्या संग्रहालयात ठेवले. त्यांच्याविषयी हळहळ व्यक्त करणाऱ्याच्या क्रियापदांच्या चुका कोणी काढत नाही.

यावर जाणते विचारतील, की हे सगळं ठीक, पण नोकरीचं काय? शंका रास्त आहे. शहरात काम कमी आहे, मध्यवस्तीत बंद दुकानं दिसतात, आणि 2014 साली ‘ल मोंद’ या दैनिकाने तिथल्या गरिबीवर लिहिलं तेव्हा गावकरी संतापले तरी शटर काही वर गेली नाहीत. पण रेल्वेने तासाच्या आत लिऑं गाठता येतं, 1816 पासूनचं खाण-अभियांत्रिकीचं महाविद्यालय इथे आहे, आणि बंदुकांच्या जुन्या कारखान्याच्या आवारात उभ्या राहिलेल्या ‘सिते द्यु डिझाइन’ या डिझाइन-केंद्राच्या जोरावर 2010 मध्ये युनेस्कोने शहराला डिझाइन-नगरी म्हटलं. शहर कुरूप आहे, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर म्हणून शेजारच्या फिर्मिनीत ल कोर्बुझिएच्या इमारती दाखवता येतील. अर्थात त्यानेच आखलेलं चंदीगड पाहिलेल्यांचं त्यावर एकमत होईल असं नाही. दिसण्याचं सोडा, बहुतेक फ्रेंच शहरांनी विसाव्या शतकात ट्राम मोडीत काढली आणि पुढे पस्तावून पुन्हा रूळ टाकले. या शहराने 1881 पासूनची आपली ट्राम काढलीच नाही. आळस म्हणा किंवा शहाणपण, पैसे वाचले.

तेव्हा पॅरिस पाहून यावं आणि राहायला सेंत-एतिएनला जावं. पैसे पॅरिसलाही जातात, पण तिथे पैसे देऊन माणूस पाहुणाच राहतो. इथे कागद, थंडी आणि भाषा यांचे हप्ते फेडता फेडता तो गावकरी होतो. घर बघायला गेलात तर खिडकीतून काय दिसतं हे विचारू नका, खोली गरम कशावर होते आणि त्याचं बिल कोण भरतं ते विचारा. तेही फ्रेंचमध्येच विचारा. इंग्रजीत विचारलंत तरी उत्तर मिळेल, पण फ्रेंचमध्ये.