प्राधिकरणात रात्री अकराला काय चालतं?

ऐकलंत का? नाही, पगारवाढीच्या कराराबद्दल नाही बोलत. तो विषय निगडी-आकुर्डीत आता कोणी काढतच नाही. चार माणसं जमली की बोनस, ओव्हरटाइम आणि पर्मनंट कधी करणार, एवढंच पूर्वी बोलणारं हे गाव. तिथे परवा रात्री अकरा वाजता सेक्टर 27 मधल्या एका गच्चीवर अख्खी गल्ली मोबाइलचे टॉर्च लावून उभी. चोर? छे हो, ब्रह्मकमळ फुलत होतं!

कुंडीला हळदकुंकू, पुढ्यात समई, येणाऱ्या-जाणाऱ्याला मसाला दूध. काकूंनी संध्याकाळी सातपासूनच ग्रुपवर फोटोंचा सपाटा लावलेला: कळी, जरा सुटलेली कळी, आणखी जरा सुटलेली कळी. अमेरिकेतला मुलगा व्हिडिओ कॉलवर हात जोडून. खरं तर झाड त्याच्याच बाजूचं. असली ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर उगवतं. आपल्या कुंडीतलं हे मूळचं मेक्सिकोकडचं निवडुंग! पण हे काकूंना सांगणार कोण? दूध बंद व्हायचं. सकाळी ते फूल मान टाकून लोंबत असतं, आणि फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये निम्मी गल्लीही तशीच.

मोशीच्या एका सोसायटीत तर कहरच. चौथ्या मजल्यावर बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी. का, तर तारेला शिंजीरबाईंनी घरटं टांगलंय. कोळ्याची जाळी, सालपटं, कागदाचे कपटे, सगळं भंगार. लांबून बघणाऱ्याला कचराच वाटावा. पण बाजूला दार आणि दारावर चक्क छज्जा! घरातले साहेब चाकणला क्वालिटीत. सप्लायरचा माल अर्ध्या मिलिमीटरसाठी परत धाडणारा माणूस, पण या बाईचं काम बघताक्षणी पास केलं म्हणे. ओले कपडे हॉलमध्ये पंख्याखाली. पाहुण्यांनी बनियनखालून वाकत सोफा गाठायचा. दोन आठवडे अंडी, पुढचे दोन आठवडे पिल्लं, तोवर हेच.

आणि तिच्या नवऱ्याचं ऐका! जांभळा शिंजीर. विणीच्या दिवसांत काय तो झगमगाट, शेंड्यावर बसून काय ते गाणं! घरटं बांधणार ती, अंडी उबवणार ती. हा पिल्लांना भरवायला तेवढा हजर. हंगाम सरला की भारी कपडे उतरवून मातकट होतो, गळ्याखाली काळी पट्टी काय ती उरते. सोसायटीतल्या बायकांनी हे सगळं नीट बघून ठेवलंय, आणि त्यावरून घरोघरी बोलणीही झाली आहेत.

मे महिन्याच्या मध्यावर शून्य सावलीच्या दिवशी भर साडेबाराच्या उन्हात गच्चीत बादली उलटी ठेवून तिच्याभोवती फिरणारी माणसंही याच गावची. त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.

याला जबाबदार कोण? माझं विचाराल तर टेल्को. त्या कंपनीचे सर्वेसर्वा सुमंत मुळगावकर यांनी इथल्या उघड्या माळावर नुसता कारखाना उभारायचा ना! त्यांनी झाडं लावली, वर तळंही करवून घेतलं. ट्रक बनायच्या जागी पाणपक्षी उतरायला लागले, आणि कामगारांना ही वाईट सवय तिथूनच लागली. तांबट पक्षी तर आपल्यातलाच: उन्हाळाभर ठोकठोक, ना शिफ्ट, ना सुट्टी, ना युनियन.

सरकारचीही फूस आहे बरं का. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर सलीम अलींचा. तो सगळा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह. तेव्हा तमाम एचआरवाल्यांना कळकळीची विनंती: त्या आठवड्यात पहाटे ‘अंगात कणकण आहे’ असे फोन आले, तर डॉक्टरचं सर्टिफिकेट मागू नका. दुर्बीण कितीला घेतली, तेवढंच विचारा.