जवळच तर जायचंय!

गणपतीला कोकणात निघालेल्या कुटुंबाचं नियोजन एका वाक्यात संपतं. ‘रात्री जेवूनखाऊन निघू, उजाडता-उजाडता पोचू.’ पुढे माणगावला गाडी तासभर उभी राहते, उजाडतं, ऊन चढतं, तरी त्या वाक्याला कोणी दोष देत नाही. तेच कुटुंब शनिवारी सकाळी अकराला ठाण्याहून फोर्टात एका कार्याला पोचायचं ठरवतं, तेव्हा मात्र आदल्या रात्री जेवणं लवकर उरकून बैठक भरते. बैठकीत फ्रीवेचे समर्थक असतात, आंबेडकर रोडचे निष्ठावंत असतात, पनवेलच्या मेव्हण्याचं मत फोनवरून मागवलं जातं, आणि आजोबा ‘जवळच तर जायचंय’ एवढंच बोलून, सगळ्यांना निरुत्तर केल्याच्या थाटात पेपर उघडतात. चारशे किलोमीटरला एक वाक्य आणि चौतीस किलोमीटरला एक अधिवेशन, ही गोष्ट सगळ्यांना हास्यास्पद वाटते. माझं म्हणणं असं की हसणाऱ्यांचं गणित कच्चं आहे. अंतर जितकं कमी, तितकं नियोजन जास्त लागतं आणि ते लागायलाच हवं. घोटाळा होतो तो नियोजनाच्या आकारात नव्हे, विषयात.

ठाण्याचा दाखला घेतला म्हणून आधी ठाणेकरांची माफी मागायला हवी. ज्या गावाला १९८२ पासून स्वतःची महानगरपालिका आहे, स्वतःचे तलाव आहेत, स्वतःचं गडकरी रंगायतन आहे, त्याने दुसऱ्या कोणाचं उपनगर का म्हणवून घ्यावं? पण सकाळी आठ ते दहा या वेळात आनंदनगर नाक्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या की हा वाद निदान दोन तास तहकूब ठेवावा लागतो. शिवाय या टप्प्याला इतिहास आहे. देशातली पहिली प्रवासी रेल्वे इथेच धावली. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून निघालेली ती गाडी तीन इंजिनं, चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन ३४ किलोमीटरचं अंतर तास-सव्वातासात कापून ठाण्याला पोचली. आज कोणी मोटारीने एवढ्याच वेळात सकाळी ठाण्याहून फोर्टला पोचला, तर तो घरी फोन करून ही बातमी देतो. एकशे सत्तर वर्षांत इंजिनांची ताकद कैक पटींनी वाढली आणि रस्ते रुंद झाले. तेव्हा अडचण वेगाची नसावी, हे उघड आहे.

अडचण आहे ती भरवशाची. मोकळ्या रस्त्याने पाऊण तास पुरतो आणि वाईट दिवशी दोन तासही पुरत नाहीत, हे त्या रस्त्याने जाणारा कोणीही सांगेल. वाहतुकीचा अभ्यास करणारे अभियंते म्हणूनच सरासरी वेळ आणि वेळेचा भरवसा या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. जिथे उशीर चालणारच नाही, तिथे सरासरीकडे न बघता वीसपैकी एकोणीस फेऱ्यांना पुरेल एवढा वेळ धरावा, असा त्यांचा ठोकताळा आहे. आता भांडुपजवळ एखादा ट्रक बंद पडला आणि अर्धा तास गेला असं समजू. रत्नागिरीच्या आठ तासांच्या प्रवासात हा अर्धा तास सोळावा हिस्सा. वाटेत एक चहा कमी घेतला की भरून निघाला. फोर्टच्या तासाभराच्या प्रवासात मात्र तो निम्मा प्रवास आहे. आणि तो भरून काढायला पुढे रस्ताच उरत नाही. शेवटचे पंधरा किलोमीटर ताशी ६० ऐवजी ८० च्या वेगाने काढले, तरी वाचतात पावणेचार मिनिटं. तेवढ्यासाठी मागच्या सीटवरचे सगळे ‘हळू, हळू’ म्हणत राहतात, ते वेगळंच.

दुसरा पुरावा सामाजिक आहे. साताऱ्याहून येणारा पाहुणा तासभर उशिरा पोचला तर यजमान त्याला आधी पाणी देतो, मग पंख्याखाली बसवतो आणि ‘बराच त्रास झाला असेल’ म्हणून हळहळतो. ठाण्याहून येणारा वीस मिनिटं उशिरा आला, की पहिला प्रश्न येतो, ‘इतक्या जवळून येऊन उशीर?’ म्हणजे अंतर कमी झालं की सवलतही कमी होते, आणि ती ज्याला मिळणार नाही त्याने जास्त काळजीने निघावं हे ओघानेच आलं. पूर्वी निदान ‘टोलनाक्यावर रांग होती’ ही सर्वमान्य सबब हाताशी असायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला आणि पैशांबरोबर ती सबबही गेली. सरकारने नागरिकांचा खिसा वाचवला, पण त्यांना युक्तिवादात उघडं पाडलं. जवळून येणाऱ्याला सवलत नाही, हे मुंबईत नाटकाला जाणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. तिसरी घंटा झाल्यावर अंधारात गुडघे ओलांडत आपली खुर्ची शोधणाऱ्या माणसाला कोणी तो कुठून आला हे विचारत नाही, आणि विचारून ‘ठाणे’ हे उत्तर मिळालं तर दयाही करत नाही.

तिसरा पुरावा म्हणजे पर्याय. लांबच्या प्रवासाला रस्ता बहुधा एकच असतो, म्हणून वाद नसतो. इथे चार आहेत आणि प्रत्येकाला वकील आहे. पहिला फ्रीवे: २०१३ मध्ये सुरू झालेला, पुढच्या वर्षी घाटकोपरला येऊन भिडलेला, जवळजवळ सतरा किलोमीटर सिग्नलशिवाय नेऊन पी. डिमेलो मार्गावर उतरवणारा. त्याचे समर्थक उतरल्यानंतर काय होतं यावर बोलत नाहीत. दुसरा पर्याय शीवहून आंबेडकर रोडचा: किंग्ज सर्कल, दादर टी.टी., लालबागचा उड्डाणपूल, जे. जे. चा उड्डाणपूल. हा पक्ष श्रद्धेवर चालतो; फ्रीवे नव्हता तेव्हाही आपण पोचतच होतो, हा त्याचा मुख्य मुद्दा. तिसरा लाल बहादूर शास्त्री मार्गाचा. मेट्रो ४ च्या खांबांच्या सोबतीने जाणाऱ्या या रस्त्याची शिफारस फक्त तीच माणसं करतात, ज्यांना मुलुंडला वाटेत कोणाकडे तरी डबा द्यायचा असतो. आणि चौथा पर्याय पनवेलच्या मेव्हण्याचा: ऐरोलीच्या पुलावरून नवी मुंबईत जायचं, उलव्यापर्यंत खाली उतरायचं, मग अटल सेतूवर चढून शिवडीला यायचं. खाडी एकदा ओलांडून मुंबईपासून लांब जायचं आणि समुद्र ओलांडून परत यायचं, वर टोलही भरायचा, ही योजना ऐकायला वेडगळ वाटते. पण जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या या जवळपास बावीस किलोमीटरच्या पुलाबद्दल बोलणाऱ्याला अकरा वाजता कुठे पोचायचं नसतंच. त्याला पूल दाखवायचा असतो.

पर्यायांनंतर पंचांग. शनिवारचा राहुकाळ ढोबळमानाने नऊ ते साडेदहा, म्हणजे अकराला फोर्टात पोचणाऱ्याने नेमकं रस्त्यावर असण्याची वेळ. तो टाळून नऊच्या आत बाहेर पडा, हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला ज्योतिष न मानणाऱ्यानेही पाळावा असा आहे, कारणं फक्त वेगळी. पावसाळ्यात समुद्राचंही पंचांग बघावं लागतं. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी गाठ पडली की नाल्यांचं पाणी समुद्र घेत नाही, आणि ते गांधी मार्केटला किंवा हिंदमात्याला रस्त्यावर थांबतं. ठाण्याच्या खाडीतले नाखवे भरती बघून होड्या काढायचे. त्यांच्याच गावचा मोटारवाला आज त्याच कारणासाठी तेच कोष्टक बघतो. रविवार असेल तर रेल्वेचा मेगाब्लॉक बघायचा, कारण गाड्या कमी झाल्या की लोकलचे प्रवासी रस्त्यावर येतात. जानेवारी असेल तर मॅरेथॉनचा रविवार, डिसेंबर असेल तर सहा तारखेची दादरची गर्दी, भाद्रपदात विसर्जन. गोव्याला जाणारा माणूस यातलं काही बघत नाही, आणि त्याचं फारसं बिघडतही नाही.

यावर पहिला आक्षेप तरुण मंडळींचा: एवढा विचार कशाला, फोनमधला नकाशा सांगतो ना! सांगतो, पण एकच आकडा सांगतो. ‘१ तास ८ मिनिटं’ असं तो अशा ठामपणे लिहितो की सात मिनिटं का नाहीत असं विचारायची सोय राहत नाही. आपल्याला हवी असते ती खालची आणि वरची मर्यादा, आणि मोठ्या अक्षरात मिळतो तो मधला अंदाज. शिवाय नकाशाला कळतं ते रस्त्यावरच्या इतर फोनांच्या हालचालीवरून, आणि त्या सगळ्या फोनांनाही तोच नकाशा सल्ला देत असतो. आतल्या गल्लीतून चार मिनिटं वाचतील ही गुप्त बातमी एकाच क्षणी शेकडो जणांना समजली की ती गल्ली गल्ली राहत नाही, वाहनतळ होतो.

दुसरा आक्षेप जुन्या मुंबईकरांचा आणि तो सगळ्यात भक्कम: लोकलने जा. खरंच आहे. जलद लोकल ठाण्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पाऊण तासाच्या आतबाहेर पोचते. पण हा आक्षेप माझंच म्हणणं सिद्ध करतो. लोकलला नियोजन लागत नाही ते ती फार वेगवान आहे म्हणून नव्हे, तिचा भरवसा आहे म्हणून. ज्या घरात गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी आहे, दोन लहान मुलं आहेत आणि आहेराची चांदीची समई आहे, त्या घराला सकाळची गर्दीची लोकल हा पर्याय कागदावरच असतो. मग कोणी म्हणतं, नवे रस्ते होताहेत, घाटकोपर ते ठाणे उन्नत मार्ग झाला की प्रश्नच मिटेल. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच सांगून ठेवलंय की शहरातला द्रुतगती मार्ग कितीही वाढवा, गर्दीच्या वेळी त्याच्या क्षमतेएवढी गर्दी त्यावर जमतेच. रस्ता मोकळा झाल्याची बातमी पसरली, की आजवर घरी बसलेले आणि लोकलने जाणारे ती खरी आहे का हे बघायला गाडी काढतात.

तिसरा आक्षेप सोपा आहे: लवकर निघा. हे सांगणारे लवकर पोचण्याची किंमत धरत नाहीत. अकराच्या कार्यक्रमाला पावणेनऊला पोचलेलं कुटुंब कार्यालयाच्या दारात मांडववाल्यांना खुर्च्या लावताना बघत उभं राहतं. मुलांना भूक लागते, भरजरी साड्यांनिशी इराण्याकडे जावं लागतं, आणि तासावर पैसे घेणाऱ्या पार्किंगचं मीटर चालूच राहतं. दोन तास उशिरा पोचणं हा अपमान असेल, तर दोन तास आधी पोचणं ही शिक्षा आहे. शिक्षा किती आणि अपमान किती, याचा तोल साधणं यालाच नियोजन म्हणतात. ‘लवकर निघा’ हा तोल साधायचा कंटाळा आहे.

खरा आक्षेप शेवटचा, आणि तो मला मान्य आहे: या सगळ्या चर्चेतच वेळ जातो. आठ वाजता पंच्याहत्तर मिनिटं दाखवणारा नकाशा फ्रीवे की आंबेडकर रोड हे ठरेपर्यंत शंभर दाखवू लागतो. म्हणजे वाद वेळ वाचवण्यासाठी सुरू होतो आणि वाचवायला ठेवलेला वेळच खाऊन टाकतो. पण यावर उपाय नियोजन कमी करणं हा नाही, त्याचा क्रम लावणं हा आहे. जो निर्णय नंतर फिरवता येत नाही तो आधी घ्यावा. जो वाटेत घेता येतो तो वाटेसाठी ठेवावा. निघण्याची वेळ चुकली तर ती परत मिळत नाही. फोर्टात गाडी कुठे लावायची हे आधी ठरलं नसेल, तर तासभर धावून पोचलेली गाडी शेवटची वीस मिनिटं गोल फिरण्यात घालवते. हे दोन निर्णय घरी घ्यायचे. उरला रस्ता. डबा आणि अटल सेतू हे दोन हौशी पक्ष वगळले, तर मुख्य लढत फ्रीवे आणि आंबेडकर रोड यांच्यात आहे, आणि हे दोन्ही पक्ष घाटकोपरच्या छेडानगरपर्यंत पूर्व द्रुतगती मार्गावरून एकत्रच जातात. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, म्हणजे जवळजवळ निम्मं अंतर, त्यांच्यात कसलाही मतभेद नसतो. ज्या निर्णयाची गरज घाटकोपरला पडणार आहे, त्यावर ठाण्याच्या हॉलमध्ये रात्रभर मतदान चालतं, आणि किती वाजता निघायचं हा विषय आयत्या वेळच्या विषयांत टाकला जातो.

तेव्हा बैठक जरूर भरवावी, लांबवावी, तिला चहाही असावा. फक्त कार्यक्रमपत्रिकेवर तीनच विषय ठेवावेत: किती वाजता निघायचं, गाडी कुठे लावायची, आणि उशीर झालाच तर आहेर घेऊन आधी आत कोणी शिरायचं. रस्त्याचा विषय छेडानगरच्या अलीकडे, त्या क्षणाची रहदारी बघून, गाडी चालवणाऱ्याने एकट्याने निकालात काढावा. इतरांना आपापली मतं मांडायला परतीचा सबंध रस्ता मोकळा आहे, आणि तेव्हा तर कोणता रस्ता बरोबर होता हे सगळ्यांनाच ठाऊक झालेलं असतं.