नानांनी पाडलेला उजेड

बँकेतल्या उभ्या नोकरीत नानांनी काय उजेड पाडला, ते त्यांचे साहेब जाणोत. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी तो मोजूनमापून पाडला. हॉलमधल्या दीडशे लिटरच्या फिश टँकवर.

टँकमधले मासे ही नानांच्या लेखी दुय्यम बाब. एखादी पाहुणी "अय्या, कित्ती गोड एंजल!" म्हणाली, की तिला पुन्हा चहा मिळत नाही. बघायचा असतो तो वरचा दिवा. पण त्याबद्दल विचारायचीही सोय नाही. "किती वॉटचा?" म्हटलंत तर तुम्ही अडाणी, वॉट म्हणजे मीटरने खाल्लेली वीज, उजेड नव्हे. घरी अभ्यास करून "ल्यूमेन किती?" म्हणून गेलात, तरी नाना हसतात. "ल्यूमेन माणसाच्या डोळ्यासाठी हो! झाडाला लागतो 400 ते 700 नॅनोमीटरमधला प्रकाश." तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

या दिव्यासाठी त्यांनी क्रॉफर्ड मार्केट पालथं घातलं. निळा दिवा दाखवणाऱ्याला "माझ्याकडे काय समुद्रातली पोवळी आहेत?" म्हणून झापलं. पिवळसर दिवा तर हातातही धरला नाही. अखेर 6500 केल्विनचा, पांढराशुभ्र, त्यात लाल तरंगही असलेला एलईडी सापडला. पैसे मोजताना दुकानातल्या पोराने सहज विचारलं, "काका, झाडं कुठली लावलीत?"

"अनुबियास आणि जावा फर्न."

"मग कशाला एवढा खर्च? ती तर सावलीतही जगतात."

त्या दुकानाकडे नाना पुन्हा फिरकले नाहीत.

नवा दिवा कौतुकाने सकाळपासून रात्रीपर्यंत जळू लागला आणि पंधरवड्यात काचा हिरव्यागार झाल्या. मग टायमर आला. दुपारी एक ते रात्री नऊ. आठ तासांवर एक मिनिट नाही, शेवाळ धरतं. खिडकीतलं ऊन हा तर हिशेबाबाहेरचा उजेड, म्हणून पडदे कायमचे ओढले गेले. काकू भरदिवसा तांदूळ निवडायला जिन्यात बसू लागल्या. नऊनंतर हॉलचा दिवा लावायला बंदी, कारण माशांना पापण्या नसतात आणि अंधारात एकदम उजेड पडला की ते बिथरतात. रात्री पाणी प्यायला उठलेले पाहुणे टीपॉयवर आपटतात. त्यांना पापण्या असतात.

"ओट्यावरचा बल्ब दिवाळीत गेलाय," काकू अधूनमधून आठवण करतात.

"कुठला आणू?"

"पेटणारा."

असल्या ढोबळ मागणीवर नाना खरेदी करत नाहीत.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. हॉल, जेवण, मानपान, सगळं काकूंनी पाहिलं. नानांनी फक्त डेकोरेशनवाल्याला घरी बोलावलं. स्टेजवर पिवळे हॅलोजन चालणार नाहीत, शिवाय दिव्यात लाल तरंग कमी पडले तर शालू तपकिरी दिसेल, असं त्याला तासभर समजावलं. तो बिचारा सगळं लिहून घेऊन उठला.

"लाइट सकाळी दहाला चालू करतो काका, रिसेप्शन संपेपर्यंत. रात्री अकराला बंद."

"छे छे," नाना दचकून म्हणाले, "आठ तासांवर नको. शेवाळ धरतं."