मुदतवाढ आणि मोहफुलं

आमच्या आलापल्लीकडच्या कॉलेजातला सूचना फलक समोरून वाचून भागत नाही, आत शिरून वाचावा लागतो. नवी नोटीस जुनीच्या डोक्यावर टाचली जाते आणि जुनी काढायची कोणाची हिंमत होत नाही. शिपाईमामांना एकदा म्हटलं, गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाची यादी तरी काढून टाका. ते म्हणाले, "असू द्या जी, कधी लागली तं?" त्यामुळे वरचा कागद उचलला की खाली दुसरा, त्याखाली तिसरा. भूगर्भशास्त्राचं प्रात्यक्षिक इथेच घेता येईल. सगळ्यात वरचा थर मात्र बारमाही एकच : शिष्यवृत्तीच्या अर्जाला मुदतवाढ. मुदत कोणी वाचत नाही. सगळे मुदतवाढीची वाट बघतात आणि ती येतेच. एकदा तर 'मुदतवाढीची अंतिम मुदत' असं वाचलं आणि त्याच्या खाली कोणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'नक्की का?'

या नोटिशी उगम पावतात गडचिरोलीत, गोंडवाना विद्यापीठात. २०११ पूर्वी त्या थेट नागपूरहून यायच्या. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी वेगळं विद्यापीठ झालं आणि गुणपत्रिकेतलं नाव दुरुस्त करायला सिरोंच्याच्या पोराने नागपूर गाठायचे दिवस संपले. आता तो गडचिरोली गाठतो. आलापल्लीहून तेही शंभर किलोमीटरच्या पुढेच आहे, पण निदान जिल्हा तरी आपला.

विद्यापीठ वर्षाचे दोन भाग करतं, हिवाळी परीक्षा आणि उन्हाळी परीक्षा. जंगलही वर्षाचे भाग करतं, पण विद्यापीठाला विचारून नाही. मार्च उजाडला की मोहफुलं गळायला लागतात. ती गळतात पहाटे, आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं आणि अस्वलं आपला वाटा घेऊन जातात. झाडाखालचा पाचोळा आधीच साफ करून ठेवलेला असतो. टोपलं भरतं, अंगणात फुलं वाळत पडतात आणि वेचणारी मुलगी तोंडावर पाणी मारून अकराच्या पेपरला येते. बोटं चिकट असतात, म्हणून उत्तरपत्रिकेचं पान उलटताना जरा थांबते. वर्गभर तो गोडसर वास फिरतो. बाहेरगावाहून आलेले नवे पर्यवेक्षक खिडकीकडे संशयाने बघतात. जुने पर्यवेक्षक खिडकी उघडतात.

मे महिन्यात तेंदूपत्त्याची फळी सुरू झाली की मग कॉलेजचं काही खरं नसतं. "सर, फळी लागली जी," एवढं वाक्य रजेचा अर्ज म्हणून पुरतं. जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा हंगाम, त्यात घरातला प्रत्येक हात हवा. सत्तर पानांचा एक पुडा. पानं हाताखालून सरकत असतात, बाजूला गप्पा चाललेल्या असतात आणि पुडा बांधला की त्यात सत्तरच पानं निघतात. हीच पोरं बेरजेच्या गणितात हातचा विसरतात तेव्हा माझा गणितावरचा विश्वास उडतो, पोरांवरचा नाही. कारण जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीवर जी नोट येते ती बऱ्याचदा या पुड्यांचीच असते. आता अनेक गावांत ग्रामसभाच तेंदूचा लिलाव करते, पैसा गावात येतो. फळीसाठी गैरहजर राहिलेला पोरगा फळीच्याच पैशावर पुढच्या वर्गात हजर होतो. पंच्याहत्तर टक्के उपस्थितीच्या नियमात हा हिशेब बसवून दाखवणाऱ्याला डॉक्टरेट द्यायला हरकत नाही.

पाऊस सुरू झाला की धानाची रोवणी, आणि रोवणी आटोपते तोवर फलकावर भारदस्त नावं झळकायला लागतात. राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांचे मिळून जे उत्सव होतात त्यांची नावं कोणी ठेवली कोण जाणे, पण माणूस मोठ्या मनाचा असावा. खेळांचा अश्वमेध, कलांचा इंद्रधनुष्य, संशोधनाचा आविष्कार. घोडा, आकाश आणि प्रयोगशाळा एका टाचणीत. आणि चौथं, आव्हान. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना आपत्ती आली तर काय करायचं ते शिकवणारं शिबिर. आता भामरागडच्या मुलाला तिथे पाठवायचं म्हणजे पंचाईत. पर्लकोटा नदीवरचा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो, भामरागडचा जगाशी संबंध तुटतो, नेटवर्क जातं, बाजारपेठेत पाणी शिरतं. हे त्याने बालवाडीपासून पाहिलंय. शिबिरात दोर कसा बांधावा हे शिकताना त्याने शिकवणाऱ्याचीच गाठ दुरुस्त केली नाही तरच नवल. त्याचं प्रमाणपत्र मात्र फलकावर लागतं आणि मामा ते काढत नाहीत. बरोबरच करतात.

सहलींच्या बाबतीत आम्ही श्रीमंत आहोत. भामरागड रस्त्यावर 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' आहे : सहा हेक्टरचं जंगल, १९५३ पासून कुऱ्हाडीविना राखलेलं, २०१४ मध्ये राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ झालेलं. तिथले सागवान पाहताना मान दुखते. कमलापूरला वनखात्याचे हत्ती आहेत. जानेवारीत गेलात तर ते रजेवर असण्याची शक्यता, कारण त्या दिवसांत त्यांच्या पायांना औषधी लेप देऊन शेकतात, चोपिंग म्हणतात त्याला. सरकारी सेवेत असून रजा मंजूर होते आणि वर पाय चोपून मिळतात, हे ऐकल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये बराच वेळ कोणी बोललं नव्हतं.

सध्या फलकावर आहे ती सिरोंच्याची सहल : वडधमचा जीवाश्म पार्क, दगड झालेली झाडं, 'फक्त विज्ञान शाखा'. या 'फक्त'वरून वाद पेटला आहे. सिरोंचा तालुक्यात १९६० च्या सुमारास एका अवाढव्य डायनासोरची हाडं निघाली. १९७५ मध्ये त्याचं बारसं झालं, बारापासोरस टागोरी. म्हणजे रवींद्रनाथांचा टागोरी. मराठीच्या सरांनी ताबडतोब दावा ठोकला की ज्याच्या नावात कवी आहे तो प्राणी अर्धा तरी कला शाखेचा. विज्ञानवाले म्हणाले, हाडं आमची, नाव तुमचं. मग कोणीतरी माहिती काढली की ती हाडं खणली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने आणि सांगाडाही तिथेच उभा आहे. झालं, वाणिज्यचे सर खुर्ची ओढून पुढे आले. आकडेमोडवाल्यांनी खोदलं म्हणजे सहलीला आमचाही हक्क. इतिहासाचे सर म्हणाले, भूतकाळ कोणाच्या खात्यात येतो ते आधी ठरवा. प्राचार्यांनी समिती नेमली.

मामा चहाचे कप गोळा करत होते. दारात थांबून म्हणाले, "ते सगळं ठीक आहे जी. गाडी किती सिटांची आहे, थे सांगा."