जपून ठेवलंय

आमच्या घरात एखादी वस्तू हरवली म्हणजे ती कुणीतरी जपून ठेवलेली असते. भिरकावलेल्या वस्तू सापडतात. रद्दीत गेलेलं वीजबिलसुद्धा रद्दीवाला प्रामाणिकपणे परत आणून देतो. पण आईनं, बायकोनं किंवा मी एखादी वस्तू 'जपून' ठेवली की तिचं पुन्हा दर्शन घडायचं ते योगायोगानंच, आणि तेही भलतंच काहीतरी शोधताना. लग्नात मिळालेली माझी टायपिन अशी २८ वर्षं जपून ठेवलेली आहे.

अशा घरावर रीडेव्हलपमेंट येऊन आदळलं.

आमची इमारत कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीतली. तीन मजले, लिफ्ट नाही, गच्चीला गळती. सोसायटीच्या सभा कैक वर्षं चालल्या, पार्किंगवरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, आणि एकदाचा करार झाला. नवं घर तीन वर्षांनी. तोवरचं भाडं आणि सामान हलवायचा खर्च बिल्डरकडे. भाड्याचं घर मिळालं कर्वेनगरात, दोन किलोमीटरवर. आमचा घात केला तो या दोन किलोमीटरांनी.

मुलगी अमेरिकेला गेली तेव्हा २३-२३ किलोंच्या दोन बॅगा आम्ही वजनकाट्यावर इतक्या वेळा चढवल्या-उतरवल्या, की काटाच दमला. लोणच्याला तीन पिशव्या, वर टॉवेल, टॉवेलवर पुन्हा पिशवी. लोणचं न सांडता पोचलं. कर्वेनगरला जायचं म्हटल्यावर मात्र घरातला प्रत्येकजण एकच वाक्य बोलू लागला, "इथंच तर जायचंय!" आरसा? इथंच तर जायचंय, चादरीत गुंडाळू. काचेचा डिनर सेट? हातानंच नेऊ. देव? हातानंच. तुळस? हातानंच. बरण्या, बॅरोमीटर, लग्नाचा अल्बम, सगळं हातानंच. शेवटी 'हातानंच नेऊ'चा ढीग एवढा झाला, की त्यासाठी वेगळा टेम्पो करायची वेळ आली.

हे बघायला वडील नव्हते ते बरंच. ते पाटबंधारे खात्यात होते आणि दर तीन वर्षांनी त्यांची बदली व्हायची. लाकडी खोकी, भाताचा पेंढा, गोणपाट, दाभण आणि सुतळी एवढ्यावर त्यांनी अख्खा संसार महाराष्ट्रभर फिरवला. एक कप फुटला नाही. त्यांचं सगळं शास्त्र हापूसच्या पेटीवरून आलेलं. "पेंढ्यातून आंबा पोचतो, मग कप का नाही पोचणार?" असं ते विचारायचे आणि बश्या पेटीत उभ्या लावायचे, पुस्तकांसारख्या. बशी आडवी ठेवली तर वरच्या अकराजणींचं ओझं खालच्या एकीवर येतं आणि पहिल्या खड्ड्याला ती जाते. उभी असली की काठावर धक्का सोसते. खोकं बंद केल्यावर ते कानाशी धरून हलवायचे. आतून जरा जरी खुळखुळ आली तरी परत उघडून पेंढा कोंबायचा. आवाज करणारं खोकं आणि आवाज करणारं पोर, दोन्ही त्यांना चालत नसे.

आता पेंढा कुठून आणायचा? पॅकिंगवाले आले ते पन्हळी पुठ्ठ्याची भेंडोळी, चिकटपट्ट्या आणि बबल रॅपचे गादीएवढे रोल घेऊन. चार पोरं आणि एक मुकादम. मुकादम आत आला, एकदा चहूकडं बघितलं आणि मला म्हणाला, "काका, तुमी फकस्त येका खुर्चीवर बसा. खुर्ची शेवटाला उचलतो."

मी बसलो नाही. दिवाळी अंकांपाशी गेलो. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा पुढं लोक हे अंक साठवतील आणि तिसऱ्या मजल्यावरून उतरवतील असा विचार त्यांच्या मनात आला नसावा. माझ्याकडं माळाभर अंक. पोरं छोटी खोकी पुढं करत होती. मी टीव्हीचं मोठं खोकं काढलं, कारण ते मी जपून ठेवलं होतं आणि, नवल म्हणजे, सापडलंही होतं. मुकादमानं मान हलवली. पुस्तकं दिसतात गरीब, पण दीड फूट लांब-रुंद-उंच खोक्यात ठासून भरली तर वजन सहज पन्नास किलोंच्या पुढं जातं, आणि माझं खोकं त्याच्या दुप्पट. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तळ सुटला. चाळीस वर्षांचं मराठी साहित्य पायऱ्या उतरत तळमजल्यावर पोचलं. खालच्या काकूंनी दार उघडलं, एक अंक उचलला, मुखपृष्ठ बघितलं आणि म्हणाल्या, "हा मी तुम्हाला वाचायला दिलेला. जपून ठेवलात हो!"

दुपारी आईची जपमाळ सापडेना. बायको म्हणाली, "मघाशीच मी ती जपून..." आणि तिथंच थांबली. आईनं त्रागा केला नाही. बबल रॅपचा एक तुकडा मांडीवर घेतला आणि एकेका रामनामाला एकेक फुगा फोडत बसली. १०८ फुगे नीट मोजून कापून घेतलेले.

या बबल रॅपची जन्मकथाही मजेदार आहे. १९५७ साली अमेरिकेत, न्यू जर्सीमध्ये, आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान या दोघांनी प्लास्टिकचे दोन पडदे एकमेकांना चिकटवले. मधे हवेचे फुगे राहिले. त्यांना वाटलं, भिंतीवर लावायला झकास नक्षीचा कागद झाला. भिंतीवर फुगे कुणालाच नको होते. पुढं आयबीएमचे कॉम्प्युटर गुंडाळायला तो कागद कामी आला आणि त्याचं नशीब फळफळलं. तिसरा उपयोग आमच्या आईचा. चार वाजेपर्यंत तिचे तीन जप झाले आणि मुकादमाचा बराच माल संपला.

खरी परीक्षा वॉशिंग मशीनची. हे समोरून उघडणारं मशीन घरी आलं तेव्हा ते जोडून देणाऱ्या माणसानं मागच्या बाजूचे चार लांब बोल्ट काढून माझ्या हातात दिले होते. ड्रम आत स्प्रिंगांवर टांगलेला असतो, प्रवासात तो हलू नये म्हणून हे बोल्ट. "साहेब, घर बदलताना लागतील," तो म्हणाला होता, आणि पुढं ते घातकी शब्द, "जपून ठेवा."

मी ठेवले होते. इतके जपून, की दीड तास सगळं घर बोल्ट शोधत होतं. बॅरोमीटरची पावती सापडली, मुलीचा दुधाचा दात सापडला, टायपिनची रिकामी डबी सापडली. शेवटी मुकादमानं ड्रमच्या कडेनं आमच्या दोन गोधड्या कोंबल्या, "व्हतंय, व्हतंय," म्हणाला आणि मशीन उभंच्या उभं खाली नेलं. फ्रिजही उभाच नेला. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. "वरी गेल्याबरुबर चालू करू नका, काई घंटे उभा ऱ्हाऊ द्या," असं त्यानं बजावलं. आईला हे लगेच पटलं. आल्या आल्या पाहुण्याला कुणी कामाला लावतं का?

खोक्यांवर नावं घालायचं काम मात्र आम्ही पोरांना दिलं नाही. तीन हस्ताक्षरांत ते पार पडलं. आईनं लिहिलं, 'लागेल'. बायकोनं लिहिलं, 'किरकोळ'. मी बँकेत ३१ वर्षं काढली असल्यामुळं 'संकीर्ण' लिहिलं. नव्या घरात ५२ खोकी उतरली तेव्हा त्यांतली एकोणीस 'किरकोळ', चौदा 'लागेल' आणि अकरा 'संकीर्ण' होती. चहाची गाळणी कशात आहे हे ज्योतिषालाही सांगता आलं नसतं. ती 'संकीर्ण'मध्ये निघाली, तिसऱ्या दिवशी. तोवर आम्ही चहा बायकोच्या ओढणीतून गाळला.

एवढ्या सगळ्यात फुटलं काय? पॅकिंगवाल्यांचं काहीही नाही. एक कान तुटला नाही, एक टवका उडाला नाही. फुटली ती आईच्या सासूबाईंची चिनी मातीची बरणी, अर्धी भरलेली, लिंबाच्या लोणच्याची. ती मी रिक्षातून मांडीवर घेऊन आलो होतो. वाटेत रिक्षावाल्याला सात वेळा "हळू" म्हणालो. वर आणली आणि कुणाचा पाय लागू नये म्हणून अगदी कोपऱ्यात, दाराच्या मागं, जपून ठेवली. पाच मिनिटांनी लोखंडी कपाट आलं. ते आत यावं म्हणून मीच दार पूर्ण उघडलं.

मुकादमानं लोणच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "काका, ह्ये आमच्यातलं न्हाई," एवढंच म्हणाला. आई काही बोलली नाही. एवढं मात्र म्हणाली, "ह्यांनी पेंढा घातला असता."

रिकामी खोकी बायकोनं मोडून पलंगाखाली सरकवली आहेत. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा आहे, मालकाचा मुलगा परदेशातून परत येणार असं ऐकतो.

आता एक विनंती. आमची ५२ खोकी निघाली आणि ५२ उतरली, हे मुकादमाच्या वहीत आहे. पण उघडताना ५१च भरली. १७ नंबरचं मिळत नाही. त्यात चार बोल्ट आणि एक जपमाळ असावी, आणि टायपिन असण्याचीही बारीकशी शक्यता आहे. त्या दिवशी आमच्याच जिन्यातल्या आणखी दोन बिऱ्हाडांचं सामान खाली उतरत होतं, त्यांनी कृपया आपापली खोकी मोजावीत. आमच्या खोक्यावर लाल मार्करनं 'महत्त्वाचे' असं लिहिलं आहे. सापडलं तर ताबडतोब फोन करा. तोवर कुठं जपून वगैरे ठेवू नका.