दादा, तेवढं वेळापत्रक कळवा

तीर्थस्वरूप फटफटीवाले दादा यांस,
साष्टांग नमस्कार.

मायना वाचून दचकू नका. वयानं तुम्ही माझ्या धाकट्या भावाहूनही लहान असाल. पण रात्री तुमची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आमच्या घरातल्या तीन पिढ्या अंथरुणात उठून बसतात. एवढा मान माझ्या सासऱ्यांनाही या घरात कधी मिळाला नव्हता. तेव्हा तीर्थस्वरूपच म्हणते. 'दादा' हे नाव मात्र मी ठेवलेलं नाही, ते तुमच्या नंबरप्लेटवरच आहे. शेजारचे निवृत्त फौजदार काका म्हणाले, "गाडीचा नंबर टिपून द्या, बघतो." मी म्हटलं, 'दादा'. काका म्हणाले, "अहो, नातं नको, नंबर सांगा." तो ४१४१ असावा हे आमच्या ह्यांनी दोन दिवसांनी उलगडलं.

आम्ही राजारामपुरीत राहतो. तुम्ही ज्या वळणावर गाडीचं इंजिन क्षणभर बंद करून पुन्हा चालू करता आणि नळीतून धाड-धाड-धाड असे तीन बार काढता, त्याच वळणावर दुसऱ्या मजल्यावर आमची खिडकी आहे. खिडकीच्या आत साडेतीन वर्षांची लेक झोपलेली असते. असते म्हणजे, सव्वाअकरापर्यंत असते.

कोल्हापुरात 'नाद खुळा' म्हणायची पद्धत आहे, तुमच्या मडगार्डावरही लिहिलंय. माणसाला खुळा नाद असतो हे ऐकून होते. नादानं माणसं खुळी होतात, हे तुमच्यामुळं कळलं.

तुम्हाला उगाच दोष द्यायचा नाही, म्हणून आधी घरातले सगळे संशयित तपासले. लेक मध्यरात्रीच्या आत किंचाळत उठते म्हटल्यावर सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती, असा निकाल लागला. मग जंतांवर संशय गेला, त्याचं औषध झालं. मग दुपारची झोप, मग मोबाइलवरची ती गाणारी मांजर, मग रात्री नऊला जेवायची आमची घाणेरडी सवय. समोरच्या काकूंनी जायफळ सुचवलं: "सहाणेवर चार वेढे जास्त दे, पहाटेपर्यंत हूं की चूं नाही." डॉक्टर म्हणाले, असलं काही करू नका, जायफळ जास्त झालं तर विषासारखं बाधतं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी चारून पाळीवर जायच्या. वाचलं होतं तेव्हा अंगावर काटा आला होता. तुमची गाडी ऐकल्यापासून त्या बायांना नावं ठेवायचं बंद केलंय.

डॉक्टरांनी एक वही घालायला सांगितली. किती वाजता झोपली, किती वाजता उठली, किती वेळ रडली. चौदा रात्रींचा हिशेब. दादा, त्या वहीत तुमचा उल्लेख कुठंही नव्हता, तरी ती वाचताना मला तुम्हीच दिसत होता. ११.१४, ११.२०, ११.१७, ११.२२. चौदापैकी नऊ रात्री लेक उठली, आणि त्या नऊपैकी आठ रात्री मी स्वतः खिडकीतून तुमचा मागचा लाल दिवा बघितलाय. नववी रात्र तापाची होती, ती तुमच्या खात्यावर टाकत नाही.

उठते म्हणजे काय, तेही सांगते. तुम्ही तोवर पुढच्या चौकात पोचलेले असता. ती ताडकन उठून बसते. डोळे सताड उघडे, अंग घामानं निथळतंय, छाती लोहाराच्या भात्यासारखी, आणि घशातून असा आवाज, की तिचा वाटतच नाही. मी जवळ घेतलं तर मलाच ढकलते. 'आई, आई' म्हणून ओरडते आणि आई समोर असून ओळखत नाही. पहिल्या रात्री मी तिला गदागदा हलवलं, तोंडावर पाणी मारलं, आणि ते आणखी वाढलं. दहा-पंधरा मिनिटांनी जशी उठली तशीच आडवी होऊन झोपली. सकाळी विचारलं, "काय झालं होतं गं रात्री?" तर म्हणे, "कुठं काय?" आणि शेंगदाण्याचा लाडू मागितला. घरात बाकी कुणाचे डोळे उघडत नव्हते.

डॉक्टरांनी समजावलं, की हे वाईट स्वप्न नव्हे. स्वप्नं बहुतेक पहाटेकडं पडतात, मूल जागं होतं, सांगतं, कुशीत शिरतं. हा प्रकार वेगळा. झोपल्यापासून पहिले दोन-तीन तास झोप सगळ्यात गाढ असते, आणि त्या तळाशी असताना मेंदू अर्धवटच वर आला तर असं होतं. शरीर जागं, मूल झोपलेलं. उठवायला जायचं नाही, कुठं आपटणार नाही एवढं बघायचं, आणि थांबायचं. बहुतेक मुलांचं वाढत्या वयात आपोआप जातं. अपुरी झोप, ताप, भरलेलं मूत्राशय, अचानक आलेला मोठा आवाज, ही त्याची निमित्तं. निमित्तं म्हटलं हं डॉक्टरांनी, कारण नाही. मूळ धाटणी बऱ्याचदा घराण्यातच असते. ते ऐकून सासूबाई गप्प झाल्या आणि रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "हिचा बापपण असाच उठायचा. पाच वर्षांचा होईपर्यंत अंगारा लावत होते." आठ वर्षांच्या संसारात ही माहिती मला पहिल्यांदा मिळाली. तेव्हा न्यायानं बोलायचं तर तुम्ही मुख्य आरोपी नाही, दादा. दारू आमच्या घरातली आहे. तुम्ही फक्त काडी लावता, रोज, न चुकता.

सासूबाई म्हणतात, पोर झोपेत वाढतं. हे मात्र डॉक्टरांनाही मान्य आहे. वाढीचं संप्रेरक सगळ्यात जास्त पाझरतं ते रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत. म्हणजे लेक पावणेदहाला झोपली, की तिची उंची वाढायची वेळ आणि तुमची घरी परतायची वेळ एकच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं, की तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप हवी. त्यांनी तुमची गल्ली बघितली नव्हती.

आता गाडीविषयी दोन शब्द. कारखान्यातून तुमची गाडी आली तेव्हा तिला सायलेन्सर होता. त्याच्या पोटात पडदे, भोकांच्या नळ्या, आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून मराव्यात म्हणून केलेली सगळी रचना. तुम्ही पैसे मोजून ते पोट रिकामं केलंत, सरळ नळी बसवलीत, आणि मित्रांना सांगितलंत, 'सायलेन्सर बसवला!' आवाज मारणारं काढून आवाज करणारं बसवायचं आणि नाव तेच ठेवायचं, ही भाषेची सेवा आमच्या मराठीच्या बाईंनाही जमली नाही.

कायद्याची धमकी देत नाही. तुम्हाला माहीत असेलच, की २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली आहे आणि निवासी भागात तेव्हा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला विकतानाच ८० डेसिबलची चाचणी पास व्हावी लागते. हे आकडे शेजारी-शेजारी वाटले तरी डेसिबल किराणा मालासारखा मोजत नाहीत. दहा वाढले की आवाजाची ताकद दहापट. म्हणजे नव्या कोऱ्या, सज्जन गाडीनंच गल्लीची झोपमोड होऊ शकते, तुमचं तर सोडाच. आवाजाचे नियम मोडणाऱ्या गाडीला मोटार वाहन कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे. राज्यात ठिकठिकाणी पोलीस असल्या नळ्या जप्त करून रस्त्यावर मांडतात आणि त्यावरून रोड रोलर फिरवतात. त्याचे व्हिडिओ मी रात्री अडीच वाजता बघत बसते. डोळ्यांना फार बरं वाटतं.

तर या पत्राचं खरं कारण. डॉक्टरांनी एक साधा उपाय सांगितलाय. मूल रोज ठरावीक वेळी असं उठत असेल तर त्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी त्याला हळूच हलवून जरासं जागं करायचं आणि पुन्हा झोपू द्यायचं. काही आठवडे केलं की ती साखळी बऱ्याचदा तुटते. आमची तयारी आहे. अडचण एवढीच, की यात सगळी भिस्त तुमच्या वक्तशीरपणावर आहे. ११.१४ आणि ११.२२ यांत आठ मिनिटांचा फरक पडतो, आणि तेवढ्यात ती पुन्हा तळाला जाते. तेव्हा कृपा करून एक वेळ ठरवा. सव्वाअकरा म्हणजे सव्वाअकरा. रंकाळ्यावर मित्र आग्रह करत बसले तर खालच्या पानपट्टीवर निरोप ठेवा. सुट्टी घेणार असाल तर आदल्या दिवशी कळवा. एस. टी.नं जमवलं नाही ते तुम्ही जमवाल, असा मला विश्वास आहे.

आणि वळणावर तीन बार काढायचेच असतील तर मधला गाळा. तिसऱ्याची सवय झालीय.

आपली नम्र,
दुसरा मजला, दिवा चालू असलेली खिडकी

ता. क. परवा गुरुवारी तुम्ही आलाच नाहीत. लेक ढाराढूर झोपली होती. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. सासूबाई पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आल्या आणि खिडकीतून वाकून म्हणाल्या, "अजून आला नाही गं तो?" मग हे उठले. पाऊणपर्यंत आम्ही तिघं अंधारात बसून होतो. कुणी बोललं नाही, पण पाऊस पडून गेला होता आणि रस्ता निसरडा होता. शुक्रवारी बार ऐकू आले तेव्हा सासूबाईंनी देवाला हात जोडले आणि मग तुम्हाला जी शिवी दिली, ती इथं लिहिता येत नाही.